चौघांचा डायमंड: सरावाच्या नोंदी

१ जून

ठरलं एकदाचं. संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरवर चार विमानांचं सात मिनिटांचं प्रदर्शन बसवायचं. लूप (हवेत उभं वर्तुळ), बॅरल रोल (पिळासारखी गिरकी), दोन्ही बाजूंची वळणं, आणि शेवटी चौघांनी चार दिशांना फुटायचं. ३ ऑगस्टला एका दमात रेकॉर्ड करायचं. तुकडे जोडायचे नाहीत.

हे खूळ डोक्यात शिरलं ते सूर्यकिरणची नऊ विमानं बघून. हवाई दलाचं हे कसरती पथक १९९६ मध्ये बिदरला उभं राहिलं, तेव्हा ते किरण मार्क-२ वर उडायचं. २०११ मध्ये किरण विमानं प्रशिक्षणासाठी लागली म्हणून पथक थांबलं, आणि काही वर्षांनी हॉकवर परत आलं. आमच्या सिम्युलेटरमध्ये किरण नाही, हॉक आहे. त्यामुळे विमान निवडण्यावर चर्चा झालीच नाही.

जागा अशा: मी एक नंबर, म्हणजे लीडर, कारण सगळ्यांत जास्त तास माझे आहेत. दोन माझ्या उजवीकडे, तीन डावीकडे, चार माझ्या शेपटीमागे थोडा खाली. हाच डायमंड, शंकरपाळ्याचा आकार. रेडिओवर नावं घ्यायची नाहीत, फक्त नंबर. चारची बहीण जमिनीवर राहणार: सर्व्हर, कॅमेरा, रेकॉर्डिंग तिच्याकडे. तिला आम्ही नंबर दिला नव्हता. तिने स्वतःच ‘पाच’ घेतला.

७ जून

पहिली सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाण. अकरा मिनिटं, तीन टकरी.

दोन आणि चार तर सरळ उडतानाच एकमेकांवर आपटले. हसून हसून पोट दुखलं. रिसेट, पुन्हा सुरुवात. मग मी लूप घेतला. सुरेख, गोल, एकदम मनासारखा. माथ्यावर पोचल्यावर आरशात बघितलं तर मागे कोणीच नाही. तिघेही खाली कुठेतरी विखुरलेले. तीन म्हणत होता की मला गाठताच येत नाही. चार म्हणाला, “मी फुल्ल थ्रॉटलवर आहे रे!” थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायची दांडी.

मी म्हटलं, अजून सराव करा.

८ जून

चार आणि पाचचे काका हवाई दलातून निवृत्त झालेत. इंजिन फिटर होते. कसरतींच्या पथकात नव्हते, पण ट्रेनर विमानांच्या लाइनवर (उड्डाणासाठी विमानं तयार करतात तिथे) त्यांनी उभी नोकरी काढली. पाचने त्यांना कालचं रेकॉर्डिंग दाखवलं.

त्यात टकरींवरचं आमचं खिदळणं सुरू झाल्यावर काका म्हणाले, “आवाज बंद कर जरा.” १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरच्या येलहंकाला एरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या सरावात सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. काकांनी हे एवढंच सांगितलं आणि रेकॉर्डिंग पुढे न्यायला लावलं. आम्ही चौघं कॉलवर ऐकत होतो, कोणी काही बोललं नाही.

लूप आल्यावर त्यांनी मला विचारलं, “थ्रॉटल किती होता तुझा?”

“फुल्ल.”

“मग त्यांनी कुठून आणायचा?”

चारही विमानं सारखी, इंजिनं सारखी. मी सगळी ताकद लावली तर मागे पडलेल्याला भरून काढायला काही उरतच नाही. खाली येतानाही तेच. मी थ्रॉटल पार बंद केला तर मागचे माझ्या अंगावर येणार, कारण त्यांच्याकडे बंदच्या खाली काही नाही. म्हणजे लीडरने वर जाताना थोडं हातचं राखायचं आणि खाली येताना थोडं चालू ठेवायचं. वळणात तर आणखी पंचाईत: उजवीकडे वळलो की डावीकडच्या तीनला मोठा घेर कापावा लागतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त वेग हवा, आणि दोनला कमी.

माझा सुरेख लूप एकट्याने उडायला सुरेख होता. मला हे स्वतःहून सुचायला हवं होतं. इतके तास काय केलं मी?

आजपासून माझी मर्यादा: ९० टक्क्यांच्या वर नाही, ६० च्या खाली नाही. पाच आकडे बघणार.

१४ जून

जागा धरणं म्हणजे नेमकं काय, हा आजचा विषय.

‘लीडरच्या जवळ राहा’ याला काही अर्थ नाही. किती जवळ? कुठून जवळ? खऱ्या पथकांत पायलट लीडरच्या विमानावरचे दोन बिंदू पकडून ठेवतात. पंखाचं टोक अमुक खुणेवर दिसलं की आपण बरोबर जागी. ते सरकलं तर आपण पुढे, मागे, वर किंवा खाली गेलो, आणि कुठल्या बाजूला सरकलं यावरून काय चुकलं ते कळतं. दोनने स्क्रीनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. मी हसलो. संध्याकाळपर्यंत तिघांच्या स्क्रीनवर चिकटपट्ट्या होत्या.

हाताचाही प्रश्न होता. टेबलावरची जॉयस्टिक मधोमध सोडली की तिथे किंचित ढिली असते. त्या ढिलाईतून नाक वरखाली डुलत राहतं. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स या कसरती पथकाने यावर जुना तोडगा काढलाय: त्यांच्या स्टिकला स्प्रिंग लावून विमान सतत नाक खाली करायला बघेल असं ठेवतात, म्हणजे पायलटला ती कायम ओढून धरावी लागते आणि ढिलाईच उरत नाही. पुढचा हात मांडीवर टेकवलेला. म्हणूनच ते जी-सूटही (जोरदार वळणात रक्त पायांकडे उतरू नये म्हणून फुगणारा पोशाख) घालत नाहीत, कारण तो फुगला की मांडीवरचा हात हलणार. आम्ही तिघांची विमानं आपोआप थोडी नाक खाली झुकतील अशी ट्रिम केली. तीनने जॉयस्टिक टेबलावरून काढून गुडघ्यांत धरली. वीस मिनिटांत मनगट भरून आलं, पण डुलणं निम्म्यावर आलं.

चौघं एका तिरक्या रांगेत उडायचाही प्रयत्न केला. जमला नाही. मी जरासा हललो की दोन जास्त हलतो, त्याच्याकडे बघणारा तीन आणखी जास्त, आणि टोकाचा चार चाबकाच्या शेंड्यासारखा फटके खातो. शेजाऱ्याकडे न बघता थेट माझ्याकडे बघा, असं सांगितलं. थोडा फरक पडला. ही रचना कार्यक्रमातून काढली.

१५ जून

भांडण.

मी म्हणत होतो, दोन मागे पडतोय. दोन म्हणत होता, मी पट्टीवर आहे, इंचभर हललेलो नाही. दोघांनी स्क्रीनची चित्रं टाकली. माझ्या चित्रात तो मागे, त्याच्या चित्रात तो बरोबर जागी. अर्धा तास तुतूमैमै.

पाचने हिशोब मांडला. ३०० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण १५४ मीटर. जोडणीत १०० मिलिसेकंदांचा उशीर असला तर तेवढ्यात विमान १५ मीटर पुढे जातं. सिम्युलेटर अंदाजाने ते भरून काढतो, सरळ उडताना अंदाज बरोबरही येतो. पण मी वळायला लागलो की ती बातमी त्याला उशिरा कळते, आणि त्याची हालचाल मला त्याहून उशिरा. म्हणजे आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

मग खरं डायमंड कोणतं? पाच म्हणाली, “जमिनीवरून दिसतं ते. बघणारे तिथे असतात.” मान्य करावं लागलं. आजपासून आपापल्या स्क्रीनची चित्रं पुरावा म्हणून चालणार नाहीत. काका म्हणाले, खरी पथकंही जमिनीवरून प्रत्येक सरावाचं चित्रण करतात आणि डिब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरची चर्चा, त्याच्यावरच होतो. कॉकपिटमधून काय वाटलं ते नंतर.

२१ जून

आज संगणक बंद. कॉलवर पाचजण, डोळे मिटून.

फ्रान्सच्या पत्रुई द फ्रान्स या कसरती पथकात या प्रकाराला ‘म्युझिक’ म्हणतात. उड्डाणाआधी सगळे पायलट एकत्र बसतात, लीडर अख्खा कार्यक्रम खऱ्या वेगात, खऱ्या आवाजात बोलून दाखवतो, आणि बाकीचे डोळे मिटून हवेत स्टिक-थ्रॉटल हलवतात. ब्लू एंजल्सही टेबलाभोवती बसून हेच करतात. वाचताना भारी वाटलं होतं. करताना तीन फिसकन हसला, मग सगळेच. पहिली दहा मिनिटं वाया.

तिसऱ्या खेपेला मात्र एक सापडलं. मी “उजवीकडे… रोल” म्हणतो तेव्हा चार नेमका कधी हलतो? तो म्हणाला, ‘उजवीकडे’ ऐकल्यावर. दोन म्हणाला, ‘रोल’ ऐकल्यावर. तीन म्हणाला, “तुझा आवाज चढला की.” तीन माणसं, तीन वेळा, आणि आम्ही पंधरा दिवस जॉयस्टिकला दोष देतोय.

ठरलं: आधी काय करायचं ते, मग श्वासभर थांबून एक शब्द, आणि त्या शब्दावरच हात हलणार. “उजवं वळण… चल.” “लूप… ओढ.” मराठीत दोन अक्षरांचे शब्द मिळाले हे बरं झालं.

२८ जून

पाचने माझ्या आवाजाच्या पट्ट्या काढून दाखवल्या. सपाट वळणात ‘वळण’ आणि ‘चल’ यांच्यात एक सेकंद. लूपच्या माथ्यावर पाऊण. खाली येताना अर्धा. मी घाबरलो की घाई करतो, आणि माझी घाई तिघांच्या हातात उतरते. कार्यक्रम जसजसा पुढे जातो तसतशी रचना का सैल पडते, हे चार आठवडे कळत नव्हतं.

आता आंघोळ करताना कार्यक्रम म्हणतो. घरच्यांना वाटतं पाढे चाललेत.

५ जुलै

आजचं लिहून ठेवायला हवं, जसं झालं तसं.

दुसऱ्या लूपच्या तळाला मी ठरलेल्या उंचीपेक्षा ६०० फूट खाली होतो. माथ्यावर वेग कमी पडला, तिथेच सोडून द्यायला हवं होतं, मी ओढून नेलं. तिघेही माझ्याबरोबर खाली आले. अगदी व्यवस्थित, पट्टीवर, आतापर्यंतचा सगळ्यांत घट्ट डायमंड. कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी बोलणारच नव्हतं, कारण उंचीच्या काट्याकडे कोणी बघतच नव्हतं. त्यांनी बघायचं नाही, माझ्याकडेच बघायचं, असं मीच शिकवलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरती पथकाचं असंच झालं. नेवाडात सरावाच्या लूपमध्ये लीडरच्या विमानाच्या नियंत्रणात बिघाड झाला, तो वेळेत वर येऊ शकला नाही, आणि त्याच्याकडे बघून उडणारी बाकीची तीन टी-३८ विमानंही त्याच्यासोबत जमिनीवर आदळली. चौघेही गेले. हे मी आधी वाचलं होतं. माझा संबंध त्याच्याशी जोडला नव्हता, इतकंच.

डिब्रीफमध्ये मी दोनच्या वळणापासून सुरुवात केली. पाचने मधेच तोडलं, “आधी लूप.” मी म्हटलं, येतो तिथे. ती म्हणाली, “आधी.” काका गप्प बसून होते, पण कॉल सोडून गेले नाहीत.

मग मी लूप सांगितला. कुठे चुकलो, कुठे सोडायला हवं होतं, का सोडलं नाही. (का, तर रेकॉर्डिंग चांगलं येत होतं.) त्यानंतर मजा अशी झाली की दोनने आपणहून सांगितलं, पहिल्या रोलमध्ये तो चारच्या जवळपास अंगावर गेला होता. कॅमेऱ्यात ते दिसलंच नव्हतं. तीननेही एक सांगितलं. तासाभराचा डिब्रीफ झाला, उड्डाण नऊ मिनिटांचं होतं.

दोन बदल. एक, डिब्रीफ लीडरच्या चुकांनी सुरू होणार, आणि तिथे सगळे सारखे. दोन, पाचला रेडिओ. लूपच्या माथ्याला ती उंची आणि वेग बोलणार, आणि ‘थांबा’ हा शब्द फक्त तिचा. ‘थांबा’ ऐकलं की मी पंख सरळ करून वर, बाकीचे आपापल्या ठरलेल्या बाजूला बाहेर. कारण नंतर विचारायचं. ब्रिटनच्या रेड ॲरोज या कसरती पथकात दहावा पायलट, रेड १०, प्रदर्शनाच्या वेळी जमिनीवर रेडिओ घेऊन असतो, तो उगाच नाही.

६ जुलै

पाचने आज दोनदा ‘थांबा’ म्हटलं. दुसऱ्यांदा काहीच चुकलं नव्हतं. मी चिडलो, पण थांबलो. ती म्हणाली, बघत होते थांबतोस का.

१२ जुलै

उड्डाण नाही, काकांकडे बैठक. विषय धूर, पण काका एका विषयावर कधी राहतात?

धुराचं तंत्र साधं आहे. जेटच्या तापलेल्या झोतात डिझेल सोडलं की त्याची वाफ होते आणि मागे पांढरा पट्टा उमटतो. रंग हवा असेल तर सोबत रंगद्रव्य. साठा मात्र मोजका. रेड ॲरोजच्या हॉकमध्ये पांढरा पाच मिनिटांचा, लाल एक, निळा एक. म्हणून धूर कुठे सोडायचा आणि कुठे तोडायचा हेही लीडरच्या बोलण्यातच येतं. सूर्यकिरणच्या हॉकचे धुराचे पॉड (धूर सोडायच्या टाक्या) हवाई दलाच्या नाशिकच्या दुरुस्ती डेपोत तयार झाले, हे सांगताना काकांचा आवाज जरा वाढला. फिटर माणूस!

मग ते लाइनवर गेले. पहाटे धावपट्टीवर रांगेने चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचणं, कारण इंजिनाने एक खडा ओढला तरी पाती गेली. पेटीतली हत्यारं कामाआधी मोजायची, कामानंतर मोजायची, आणि एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलणार नाही, समोर कोणीही उभा असो. आणि फॉर्म ७००. विमानाची वही. कुठला स्नॅग, म्हणजे बिघाड, होता, कोणी काढला, कोणी तपासला, प्रत्येकापुढे सही. त्या सह्या बघून पायलट स्वतःची सही करतो आणि मग शिडी चढतो.

“त्याला माझं नाव माहीत नसेल कदाचित,” काका म्हणाले. “सही माहीत असते.”

रेड ॲरोजमध्ये लाल कपड्यांतले पायलट सगळ्यांना दिसतात. निळ्या कपड्यांतली जमिनीवरची माणसं त्यांच्या कितीतरी पट आहेत. त्यातल्या मोजक्या जणांची ‘सर्कस’ नावाची तुकडी असते, ती पायलटच्या मागच्या सीटवर बसून गावोगाव जाते आणि उतरल्याबरोबर विमान पुढच्या खेळासाठी तयार करते. काकांना विचारलं, तुम्ही कधी मागे बसलात? म्हणाले, एकदा. पुढे काही सांगितलं नाही, नुसते हसले.

जाताना त्यांनी आखीव वही दिली. प्रत्येक सॉर्टीनंतर स्नॅग लिहायचा, निघाला की कोणी काढला त्याने सही करायची. सिम्युलेटरसाठी हे जरा जास्तच होतंय असं मला वाटलं. पहिल्याच रात्री पाच ओळी भरल्या. त्यातल्या दोन जुन्या होत्या, महिनाभर सगळ्यांना माहीत असलेल्या आणि कोणीच हात न लावलेल्या.

१९ जुलै

तीन आजारी. मला वाटलं, दोनला डावीकडे घेऊ, उजवी बाजू मोकळी ठेवू. जागा तीच, आरशातली.

अजिबात नाही. दोन गेले सात आठवडे मान डावीकडे वळवून उडतोय. उजवीकडे बघायचं म्हटल्यावर त्याचा हात उलटा जायला लागला. चौथ्या मिनिटाला पाचचं ‘थांबा’ आलं, आणि बरोबर आलं.

खरी पथकं राखीव पायलट का ठेवत नाहीत ते आज कळलं. रेड ॲरोजमधला एखादा आजारी पडला तर आठ विमानं उडतात, आणि लीडर आजारी असेल तर प्रदर्शनच होत नाही. जागा माणसाच्या अंगात मुरलेली असते, दुसऱ्याला लगेच तिथे बसवता येत नाही. आम्हीही तिघांचा वेगळा कार्यक्रम करून ठेवला. डावीकडची जागा रिकामी. दिसायला वाईट, पण उडायला सुरक्षित.

२६ जुलै

ढगांचा सराव. पाचने न सांगता ढग खाली आणले. रेड ॲरोजकडे यासाठी तीन कार्यक्रम तयार असतात: ढग साडेपाच हजार फुटांच्या वर असतील तर लूपसकट पूर्ण, त्याखाली अडीच हजारांपर्यंत नुसते रोल, आणि त्याहूनही खाली असतील तर सपाट. ते मी वाचलं होतं, तयारी शून्य. लूप सुरू करून ढगात शिरलो. पांढरं. तिघांचे “दिसत नाहीस” एकाच वेळी. सगळे आपापल्या बाजूला बाहेर पडले, टक्कर नाही. एवढंच काय ते चांगलं.

सपाट कार्यक्रम उद्या लिहितो.

२ ऑगस्ट

सलग तीन सॉर्टी, एकही ‘थांबा’ नाही. शेवटच्या डिब्रीफला तीन म्हणाला, आज लूपमध्ये थ्रॉटलला हात लावावाच लागला नाही. मी माथ्यावर ८८ टक्क्यांवर होतो आणि लूप थोडा चपटा होता. चपटाच ठेवतोय.

३ ऑगस्ट

झालं. सात मिनिटं बारा सेकंद, एक दम.

ढग नव्हते, पूर्ण कार्यक्रम. दुसऱ्या लूपला पाचने माथ्यावरची उंची आणि वेग सांगितला, दोन्ही ठीक. बॅरल रोलमध्ये चार एक विमानभर मागे राहिला आणि तळाला येईपर्यंत परत जागेवर आला. शेवटी फुटताना दोनचा धूर अर्धा सेकंद उशिरा. बाहेरच्याला दिसणार नाही. आम्हाला आता दुसरं काही दिसतच नाही.

काकांनी एकदा पूर्ण बघितलं, मग आवाज बंद करून पुन्हा बघितलं. वही मागितली. आजचं पान:

दोन: धुराचं बटण एका वेळेला लागत नाही. स्विच बदलणे.

तीन: हेडसेटमध्ये घरघर. (२० जूनपासून. सही नाही.)

चार: बॅरल रोल, मागे. लीडरने वेग तपासणे.

एक: फुटण्याआधीच्या हुकमात घाई. पाऊण सेकंद.

शेवटची ओळ पाचच्या अक्षरात आहे. डिब्रीफ रात्री साडेनऊला. तिथून सुरुवात.